व्याकरण मुलांच्या घोळक्यात जन्मतं

कर्णबधिर मुलाला त्याच्या गावातल्या, गल्लीतल्या साध्या शाळेत बसवलं की समावेशक शिक्षण झालं, असं आपण आता मानू लागलो आहोत. त्यामागचा हेतू चांगला आहे. मूल आईबापांपासून तुटत नाही, शेजारच्या पोरांसोबत वाढतं, सहाव्या वर्षी वसतिगृहात टाकावं लागत नाही. तरीही मला ठामपणे वाटतं की अगदी लहान वयात या मुलांना एकेकटं पांगवणं हे त्यांच्या वाट्याला येणारं सर्वांत मोठं नुकसान आहे. नागपुरात तर हा प्रश्न जास्तच गंभीर आहे, कारण अख्ख्या विदर्भातून मुलं बेरा टेस्टसाठी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीसाठी, इथे येतात, कानाची मशीन घेऊन इथूनच परत जातात, आणि परत जाताना प्रत्येक मूल आपापल्या गावी पुन्हा एकटं पडतं. भाषेला व्याकरण कुठून येतं याबद्दल गेल्या काही दशकांत जे कळलं आहे, त्याकडे पाहिलं तर हे एकटेपण किती महागात पडतं ते समजतं.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशात १९७० च्या दशकापर्यंत कर्णबधिरांचा समाज असा नव्हताच. माणसं होती, पण विखुरलेली. प्रत्येक मूल आईबापांशी जमवलेल्या घरगुती खुणांवर दिवस काढायचं. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष शिक्षणाची शाळा सुरू झाली, देशातल्या राज्यक्रांतीनंतर ती वाढली, आणि १९८० च्या सुमारास मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शिकवणारी आणखी एक शाळा निघाली. काही वर्षांतच शेकडो कर्णबधिर मुलं पहिल्यांदा एकमेकांना भेटली. शिक्षकांचा सगळा जोर ओठ वाचायला आणि स्पॅनिश शब्द उच्चारायला शिकवण्यावर होता, आणि त्यात फारसं काही हाती लागलं नाही. पण मैदानात, शाळेच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मुलं आपापल्या घरच्या खुणा एकमेकांवर आजमावत होती. त्यातून सगळ्यांना समजेल असा एक खूणव्यवहार उभा राहिला. मोठी माणसं त्याला नुसते हातवारे समजत होती. १९८६ मध्ये ज्युडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ तिथे गेल्या तेव्हा त्यांना दिसलं की थोरली मुलं एका पद्धतीनं हात चालवतात आणि धाकटी मुलं दुसऱ्याच पद्धतीनं. धाकट्यांचा वेग जास्त होता आणि त्यांच्या खुणांना नियम होते.

हे नियम नेमके कसे आले ते थोडं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. ॲन सेंघास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लोकांना एक कार्टून दाखवलं. मांजर मोठा जड चेंडू गिळतं आणि उतारावरून गडगडत खाली जातं. मग ते दृश्य सांगायला सांगितलं. ऐकू येणारे स्पॅनिशभाषक बोलताना जे हातवारे करत होते, त्यात गडगडणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत मिसळलेलं होतं: हात गोल फिरतोय आणि फिरता फिरताच खाली सरकतोय. शाळेत पहिल्यांदा आलेल्या पिढीचे कर्णबधिरही बहुतेकदा तसंच करत. नंतर आलेल्या मुलांनी मात्र ते दृश्य फोडलं. आधी गडगडण्याची खूण, मग खाली जाण्याची खूण. वरवर पाहता ही पिछेहाट वाटेल. खरा चेंडू काही आधी गडगडून मग खाली जात नाही, तेव्हा जुनी खूण दृश्याशी जास्त प्रामाणिक होती. पण भाषा चित्रासारखी असून भागत नाही. तुकडे सुटे झाले की ते वेगळ्या तऱ्हेनं जुळवता येतात: गडगडत वर, लंगडत खाली, धावत पलीकडे. मराठीतही आपण ‘गडगडत’ एक शब्द आणि ‘खाली’ दुसरा शब्द असंच म्हणतो. जगातल्या जुन्या भाषांनी जे कधीच करून ठेवलं आहे, ते मानाग्वातल्या मुलांनी कुणीही न शिकवता करून दाखवलं.

दुसरी गोष्ट जागेची. खूणभाषेत बोलणाऱ्याच्या समोरची मोकळी हवा हीसुद्धा व्याकरणाचा भाग असते. राजूनं मीनाला वही दिली, हे आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत सांगताना राजूला डावीकडे ठेवायचं, मीनाला उजवीकडे, आणि ‘देणे’ ही खूण डावीकडून उजवीकडे न्यायची. तिनं वही परत केली, तर हात उलट दिशेनं येतो. आपले ‘-नं’ आणि ‘-ला’ जे काम करतात ते तिथे दिशा करते. निकाराग्वात पहिल्या पिढीचे लोकही खुणा इकडेतिकडे करत, पण डावीकडे केलेल्या दोन खुणा एकाच माणसाबद्दल आहेत की नाही, याचा भरवसा नव्हता. सेंघास आणि मारी कोपोला यांना २००१ च्या अभ्यासात दिसलं की नंतर आलेल्या, आणि त्यातही लहान वयात आलेल्या मुलांनी त्या जागेला पक्का अर्थ दिला. आधी कोण कुठे उभं केलं होतं, ते पुढच्या वाक्यातही तिथेच उभं राहू लागलं. मोठेपणी शाळेत आलेल्यांना रोज त्याच मुलांसोबत राहूनही हे पुरतं साधलं नाही.

म्हणजे थोरल्यांनी कच्चा माल दिला आणि धाकट्यांनी त्याचं व्याकरण केलं. दोघंही हवेत. एकटं मूल कितीही हुशार असलं तरी हे करू शकत नाही, आणि नुसत्या मोठ्या माणसांच्या जमावालाही ते जमत नाही.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या अल-सय्यिद या बेदुइन वस्तीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे आनुवंशिक कारणानं गेल्या काही पिढ्यांत कर्णबधिर मुलं जास्त जन्मली, आणि साधारण १९३० च्या दशकापासून गावात एक खूणभाषा वाढत गेली. ती ऐकू येणाऱ्या अनेकांनाही येते. वेंडी सँडलर, इरित मेअर, कॅरोल पॅडन आणि मार्क ॲरोनॉफ यांनी २००५ मध्ये दाखवलं की त्या भाषेत कर्ता, कर्म, क्रियापद असा ठाम क्रम बसलेला आहे. भोवतालच्या अरबी किंवा हिब्रूत क्रियापद असं शेवटी येत नाही, म्हणजे तो क्रम उसना घेतलेला नव्हता. पण दिशेनं ‘कोणी कोणाला’ दाखवायची रीत मात्र तिथे पहिल्या पिढ्यांत रुजली नाही. एकाच गावातली माणसं, सगळ्यांना सगळ्यांची खबर, तेव्हा बरंच काही न सांगताही कळतं, असं एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात. मानाग्वात अनोळखी मुलं एकत्र आली होती आणि त्यांना सगळंच सांगावं लागत होतं. मला हे स्पष्टीकरण पटतं. कोण कोणाशी बोलतं, किती जण बोलतात आणि एकमेकांना किती ओळखतात, यानं व्याकरणाचा आकार बदलतो.

निकाराग्वाच्या उदाहरणावरून विद्वानांमध्ये बरेच वाद झाले आहेत. भाषेची घडण माणूस जन्मतःच घेऊन येतो की एकमेकांशी व्यवहार करताना ती तयार होते, बाहेरून आलेल्या खुणांचा वाटा किती, हे अजून भांडणाचे विषय आहेत. पण मुलं एकत्र आली नसती तर ही भाषा झाली नसती, यावर कोणत्याही बाजूचं दुमत नाही. धोरण ठरवायला एवढं पुरेसं आहे.

आता आपल्याकडे या. कर्णबधिर मुलांपैकी दहातल्या नऊहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. भिवापूरच्या किंवा कुरखेड्याच्या एखाद्या खेड्यात असं एखादंच मूल असतं. आई त्याच्याशी खुणांनी बोलते, मूल खुणांनी मागतं. शिकागोच्या सुझन गोल्डिन-मेडो यांनी अशा घरखुणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं की मुलाच्या खुणांमध्ये क्रम असतो, रचना असते, आणि ती आईच्या हातवाऱ्यांपेक्षा जास्त नेटकी असते. म्हणजे व्याकरणाकडे पहिलं पाऊल मूलच टाकतं. पुढचं पाऊल टाकायला समोर दुसरं मूल लागतं, आणि ते नसतं. १९७७ च्या आधीचं निकाराग्वा आज आपल्या तालुक्यातालुक्यात आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांवर लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. त्यात वयानुसार बहिरे झालेलेही आले, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांची संख्याही लहान नाही. फक्त ती मुलं एका ठिकाणी नाहीत.

शहरात हीच मुलं मोठी झालेली दिसतात. सीताबर्डीच्या गर्दीत, मेट्रोच्या डब्यात, फुटाळ्यावर संध्याकाळी हातांनी गप्पा मारणाऱ्या तरुणांचा घोळका बघा. त्यात एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी उर्दू, तिसऱ्याच्या घरी गोंडी असू शकते. भाषा त्यांची एकच असते. आपल्या शहरात भाषेनं माणसं इतक्या सहज जोडलेली दुसरीकडे क्वचितच दिसतील. पण त्यांच्यातल्या किती जणांना ही भाषा तीन-चार वर्षांच्या वयात मिळाली, हे विचारून पाहावं. एलिसा न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत असे लोक तपासले ज्यांना खूणभाषा वापरून तीस-तीस वर्षं झाली होती. शब्दांचा क्रम सगळ्यांनाच येत होता. शब्दाच्या आतली बारीक रचना मात्र ज्यांनी जन्मापासून किंवा बालपणीच ती भाषा पाहिली त्यांचीच पक्की होती. बारा वर्षांनंतर सुरुवात केलेल्यांची कायम डळमळीत राहिली. तीस वर्षांचा सराव बालपणाची जागा घेऊ शकला नाही.

आणि हे नुकसान बोलण्यापुरतं थांबत नाही. जेनी पायर्स आणि सेंघास यांनी निकाराग्वातल्या पहिल्या पिढीच्या प्रौढांना लहान मुलांसाठी असते तशी एक चाचणी दिली: दुसऱ्याचा समज चुकीचा आहे हे ओळखून तो आता काय करेल ते सांगायचं. संसार करणारी, कमावणारी ही माणसं तिथे अडखळली, धाकटी पिढी अडखळली नाही. ‘त्याला वाटतं’, ‘तिला माहीत आहे’ अशा अर्थाच्या खुणा थोरल्यांकडे फार कमी होत्या. दोनेक वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा थोरल्यांचा धाकट्यांशी संपर्क वाढला होता, तशा खुणा त्यांच्या बोलण्यात आल्या होत्या, आणि ती चाचणीही त्यांना जमू लागली होती. मला या सगळ्या संशोधनात हा भाग सर्वांत हलवून टाकणारा वाटतो. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार करण्याचं साधनसुद्धा आपल्याला संगतीतून मिळतं.

यावर डॉक्टरांचा आक्षेप ठरलेला असतो: आता कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र, आहे, सरकारी योजनेतूनही होतं, मग खुणा कशाला? आईबापांना बजावून सांगितलं जातं की हात वापरू देऊ नका, नाहीतर बोलणार नाही. इम्प्लांटनं कित्येक मुलांना बोलता येतं आणि त्या पालकांचा आनंद मी पाहिला आहे, तो नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं स्पीच थेरपी लागते, मशीनचा सुटा भाग बिघडला तर तो मिळवायला खर्च आणि खेपा लागतात, आणि गडचिरोलीहून दर आठवड्याला नागपूरला येणं ज्याला परवडत नाही त्याच्या मुलाचं काय होतं, हे त्या पालकांनाच विचारा. सगळ्या मुलांना सारखा फायदा होत नाही, हे तज्ज्ञही मानतात. खुणांमुळे बोलणं खुंटतं याला पक्का पुरावा नाही. उलट पहिली पाच वर्षं कोणतीच भाषा न मिळणं किती घातक आहे याचे पुरावे वर दिले. वाट बघायची तर भाषेसकट बघावी. बोलणं आलं तर मुलाकडे दोन भाषा असतील. नाही आलं तर एक तरी असेल.

कर्णबधिरांच्या शाळांमध्येही एक अडचण आहे आणि ती शिक्षकांच्या कष्टांमुळे झाकली जाते. शिक्षक मराठी बोलता बोलता खुणा करतात. वाक्य मराठीच्या क्रमानं चालतं, ‘-नं’, ‘-ला’, ‘-शी’ यांना हात मिळत नाहीत म्हणून ते गळतात, आणि दिशेनं, चेहऱ्यानं होणारं खूणभाषेचं स्वतःचं व्याकरण तोंड मराठीत गुंतल्यामुळे बाहेर पडतच नाही. मुलापुढे येतं ते दोन्हीकडचं उरलंसुरलं. ‘तू कुठे राहतोस?’ हे भारतीय सांकेतिक भाषेत विचारताना प्रश्नाची खूण शेवटी येते. नकारही शेवटी येतो. काम पुरं झालं हे सांगणारी वेगळी खूण वाक्याच्या टोकाला बसते. हो-नाहीच्या प्रश्नात भुवया उंचावतात. उलरिके त्सेशान यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच भारत-पाकिस्तानातल्या खूणभाषेच्या व्याकरणावर हे तपशील नोंदवले. इतकं असूनही आपल्याकडे ही भाषा ‘मराठी हातांनी’ अशीच समजली जाते.

दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं, ही मोठी गोष्ट होती. त्यांनी २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला, २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांपर्यंत नेला. हे काम लागणारच होतं. पण कोशातून शब्द मिळतात, व्याकरण मिळत नाही. व्हिडिओ बघून शिक्षकाला ‘पाऊस’ची खूण येईल. पाऊस पडला असता तर आपण गेलो नसतो, हे सांगायला ती पुरणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण करण्याचं म्हटलं आहे, आणि त्याच परिच्छेदात स्थानिक खूणभाषांचा आदर करून शक्य तिथे त्या शिकवाव्यात असंही म्हटलं आहे. माझी भीती अशी की पहिलं वाक्य अमलात येईल आणि दुसरं कागदावर राहील. प्रमाणीकरण म्हणजे काय हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. ‘काय करून राहिला बे’ हे कोणत्या समितीनं ठरवलं नाही. मराठी आणि हिंदी बोलणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र खेळली आणि चालू क्रिया दाखवायचा एक स्वच्छ नियम तयार झाला, जो इथलं प्रत्येक मूल न चुकता पाळतं. पुण्यामुंबईच्या पाठ्यपुस्तकानं त्याला अशुद्ध ठरवलं आणि आपल्या कित्येक मुलांनी वर्गात तोंड उघडणंच सोडलं. विदर्भातल्या कर्णबधिरांच्या हातांबाबत तीच चूक पुन्हा होऊ नये. देशभर समजेल अशी भाषा हवी, परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी हवीच. पण इथल्या वयस्क कर्णबधिरांच्या खुणा आधी नोंदवून ठेवाव्यात, आणि शाळेत आलेल्या मुलाचा हात ‘हे चूक आहे’ म्हणून कुणी खाली करू नये.

कायदा या मुलांच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये समावेशक शिक्षण आहे, तसं कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, तयार करून नेमण्याची जबाबदारीही आहे. भारतानं २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २४ तर स्पष्टच सांगतं की कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख जपावी आणि मुलाचा शैक्षणिक व सामाजिक विकास ज्या वातावरणात जास्तीत जास्त होईल तिथे शिक्षण द्यावं. ऐकू येणाऱ्या साठ मुलांच्या वर्गात, आठवड्यातून कधीतरी फिरत्या शिक्षकाचं तोंड पाहणारं एकटं मूल या वाक्यात कुठे बसतं? समावेश म्हणजे वर्गातली जागा, एवढाच अर्थ घेतला तर त्या मुलाला बाकावर जागा मिळते आणि गप्पांत मिळत नाही.

म्हणून आधी मुलं एकत्र आणायची, आणि तीही सहा वर्षांच्या आत. मोठेपणी साध्या शाळेत, साध्या कॉलेजात जायचं तर जावं, तेव्हा दुभाषी द्यावा. पण अंगणवाडीच्या वयात त्यांना एकमेकांची गरज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये तपासणी करतात, संशयित मुलं वर पाठवली जातात, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत बेरा टेस्ट होते. म्हणजे अशी मुलं कोणत्या गावात आहेत हे सरकारला कळतं. आज त्या माहितीतून मशीन निघते, उद्या त्याच माहितीतून घोळका निघू शकतो. काटोल, उमरेड, रामटेक अशा तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातले दोन-तीन दिवस पाच-सात मुलं आपल्या आयांसोबत भेटतील, आणि नागपुरात रोज भरणारं एक मोठं बालकेंद्र असेल. उत्तर अंबाझरी रस्त्यावरच्या मूकबधिर शाळेसारख्या शहरातल्या जुन्या संस्थांकडे या मुलांना वाढवण्याचा अनुभव आहे, त्यांना यात पुढाकार देता येईल. एका वयाची पाच मुलं पुरत नाहीत. वेगवेगळ्या वयांची हवीत, कारण निकाराग्वात व्याकरण वरून खाली येता येताच घडलं.

आणि त्या मुलांसमोर कर्णबधिर मोठी माणसं हवीत, हे सगळ्यांत आधी. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका कर्णबधिरांसाठीच आहे, ती घेतलेले तरुण आहेत, आणि न घेतलेलेही भाषेत पक्के असलेले कितीतरी जण छापखान्यात, टेलरिंगच्या दुकानात, कुरिअरच्या कामावर आहेत. त्यांच्यातल्या दोघांना एका केंद्रावर नेमलं तर मुलांना भाषा मिळेल आणि आयांना आपलं मूल मोठं होऊन कसं असेल ते प्रत्यक्ष दिसेल. बेरा टेस्टचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या आईला हे दुसरं कुणी दाखवू शकत नाही. इथे नेहमी डिग्रीची अट आडवी येते. ती अट बालकेंद्रासाठी शिथिल करावी, मानधन अंगणवाडी सेविकेच्या खाली नसावं, आणि आईला मुलासोबत यायला एसटीचा खर्च मिळावा. जिल्हा परिषदेनं एका तालुक्यात, येत्या जूनपासून, सापडलेल्या सगळ्या मुलांना घेऊन सुरुवात केली तर तीन वर्षांत काय होतं ते मोजताही येईल: त्या मुलांच्या हातांकडे बघून, ती डावीकडे ठेवलेला राजू पुढच्या वाक्यात डावीकडेच ठेवतात का हे बघून.